आठवा लागायच्या आत

अंबूबाईचा फोन आला तेव्हा निवृत्ती गाडीतली पायपुसणी काढून दगडावर आपटत होता. टायगर पॉइंटला मुंबईची पाच माणसं धुक्यात फोटो काढायला उतरली होती आणि त्यांच्या बुटांनी गाडीत निम्मा डोंगर आणून टाकला होता. आषाढाचे दिवस होते. त्यानं फोन खांद्यात धरला आणि दुसरं पायपुसणं उचललं.

"निवृत्तीभाऊ," अंबूबाई म्हणाली, "जमंल तसं घरी या."

अंबूबाई त्याची शेजारीण. भिंतीला भिंत. वीस वर्षांत ती त्याला कधी भाऊ म्हणाली नव्हती. ए निवृत्ती, नाहीतर नुसतंच ए डायवर.

"चंपा कुटंय?"

"हितंच हाय. तुमी सावकास या."

त्यानं पायपुसणं खाली ठेवलं. घाई करण्यासारखं आता काही राहिलं नाही, हे त्याला तिथंच कळलं.

पाचही जणांना त्यानं हॉटेलवर सोडलं. एका पोरीनं विचारलं, "अंकल, लेक नहीं दिखाओगे?" तो मराठीतच म्हणाला, "न्हाई." भात लावताना त्याच्या बायकोला, चंपाला, घेरी आली, ती बांधावर बसली आणि बसल्या जागी आडवी झाली, हे त्याला घरी पोचल्यावर बायकांनी सांगितलं. त्याआधी कामशेत, कान्हे, टाकवे असा सगळा रस्ता भर पावसात त्यानं एकट्यानं काढला. गाडी एकदाही अडखळली नाही. त्याचाही त्याला पुढं बरेच दिवस राग येत राहिला.

त्या गोष्टीला आता दहा महिने होत आले होते. वैशाखातल्या एका सकाळी निवृत्तीनं अंगणात गाडीचं बोनेट उघडलं, बोअरच्या मोटरचा पाइप ओढत आणला आणि पाण्याची धार थेट इंजिनावर धरली.

आज तेजलला आणायचं होतं. तेजल त्याची एकुलती एक लेक, तळेगावात दिलेली. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी. पण सातवा महिना आज संपत होता. आठव्यात पोटुशी बाई उंबऱ्याबाहेर काढायची नाही, असा तिच्या सासूचा, शेवंताबाईचा, नेम होता. आणि नववा लागल्यावर आंदर मावळातल्या या खड्ड्यांच्या रस्त्यानं तिला कुणी आणू देणार नव्हतं. म्हणजे आज आणली तर आणली.

शेवंताबाई काल फोनवर स्पष्टच बोलल्या होत्या.

"पाव्हणं, रागावू नका. पण माहेर म्हंजी आई. आई न्हाई तितं पोर पाठवून करायचं काय?"

"मी हाय की."

"तुमी हाय. पन तुमाला येतंय काय?"

"समदी तयारी केलीय. गाडी घिऊन उद्या दुपारच्या आत येतो."

तयारी खरंच केली होती. मधल्या खोलीला चुना दिला होता. वडगावच्या बाजारातून बाज आणली होती. संडासात बसायचं भांडं बसवून घेतलं होतं. दवाखान्यातल्या नर्सबाईंचा नंबर खडूनं दारामागं लिहून ठेवला होता. बाळाला न्हाऊ घालायचं अंबूबाईनं कबूल केलं होतं, तेही चार शिव्या घालून. दहा महिने तो घरात टेकत नव्हता. मिळेल ते भाडं घ्यायचा, नसलं भाडं तरी उगाच लोणावळ्याच्या नाक्यावर जाऊन उभा राहायचा. पण या महिन्यात त्यानं खोलीला दोन वेळा चुना दिला, पहिला नीट बसला होता तरी. पोर येणार म्हटल्यावर हाताला काम मिळालं होतं.

गाडीच तेवढी राहिली होती. दहा महिन्यांत तिला बाहेरून पाणी लागलं होतं, पण बोनेट धुण्यासाठी कुणी उघडलं नव्हतं. चंपा होती तेव्हा गाडी दोघं मिळून धुवायची. तो बाहेरून. आतलं तिचं. "आतलं मी बघते, तुमी चाकं धरा," म्हणून ती त्याला बोनेटसमोरून हुसकून लावायची. तासाभरानं इंजिन घासलेल्या पातेल्यासारखं दिसायचं. हे ती कसं करते ते त्यानं कधी वळून बघितलं नव्हतं. साबण आणि पाणी, आणखी काय असणार?

त्यानं साबण लावला, पाणी मारलं. सगळी काळी धूळ चाकाखालून ओघळून गेली. मग कपडे बदलून, केस विंचरून तो गाडीत बसला आणि चावी फिरवली.

गाडी चालू झाली, पण नेहमीसारखी नाही. बोनेट थरथरत होतं. स्टेअरिंगवर ठेवलेले हात हलत होते. आरशात मागचा आंबा हलत होता. पाय मोडलेलं जनावर उठायला बघतं तसं इंजिन उचल खाई आणि मध्येच बसे. समोर इंजिनाचा पिवळा दिवा उघडझाप करू लागला.

"काय रं डायवर," ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली अंबूबाई ओरडली, "गाडीला हिवताप आला का?"

चंपा गेल्यावर पंधरवड्यातच ती पुन्हा डायवरवर आली होती. त्याबद्दल निवृत्तीला तिचे उपकारच वाटत.

"थंड हाय अजून. तापली की व्हईल नीट."

"तुजी बायकू आसती तर दोन रट्टं दिलं आसतं गाडीला."

गिअर टाकून त्यानं गाडी रस्त्याला लावली.

सपाटीला ती कशीबशी पळाली. गावाबाहेरचा चढ लागला आणि तिनं जीव टाकला. पहिल्या गिअरमध्येही ओढेना. पाय दाबावा तर फटफट आवाज, नुसता कच्च्या पेट्रोलचा वास. निम्म्या चढावरून त्यानं गाडी उलटी सोडली आणि खाली भिमाजीच्या खळ्यात नेऊन घातली.

भिमाजी एसटीतून निवृत्त झालेला. म्हशीला पाणी पाजता पाजता तो बादली तशीच टाकून आला.

"बंद कर, बंद कर. आवाजावरनं सांगतो, पेट्रोलमदी रॉकेल हाय."

"आवाजावरनं?"

"तीस वर्सं यस्टीत काढलीत निवृत्ती मी."

"कंडक्टर हुतास तू."

"म्हणून काय झालं? डायवर पुढं बघतो. इंजिन ऐकतो ते कंडक्टर."

निवृत्तीनं टाकीचं झाकण उघडून वास घेतला. पेट्रोलला पेट्रोलचा वास होता. बॅटरीच्या तारा हलवून बघितल्या, घट्ट होत्या. हवेचा फिल्टर काढून मांडीवर आपटला. कोरडा होता. परत बसवला, चावी फिरवली. तीच थरथर. गाडी चालवणं त्याचं, दुरुस्ती गॅरेजवाल्याची, असं आजवर चालत आलं होतं. बोनेटखाली चार नावांपलीकडं त्याला फारसं काही ठाऊक नव्हतं.

"नजर लागली," भिमाजी म्हणाला. "लिंबू-मिरची बांध."

"माज्या गाडीला न्हाई चालत ते."

"तुमचं बरं हाय बाबा. आमाला जिथंतिथं लिंबू लागतो. दहाला दोन झालेत."

निवृत्तीनं कामशेतच्या बाजीरावला फोन लावला. बाजीरावचं गॅरेज. तिकडून पत्र्यावर हातोडा आपटल्याचा आवाज येत होता.

"धुतली का?" बाजीरावनं पहिलंच विचारलं.

"व्हय."

"इंजिनावर पानी मारलं?"

"व्हय."

"निवृत्तीभाऊ, गाडी हाय ती. म्हैस हाय व्हय? पानी घुसलंय कुटंतरी. बोनेट उघडून उन्हात ठिवा. उद्या सकाळी येतो."

"आजच पायजे. पोरीला आनायचीय. उद्या आठवा लागतोय तिला."

"आज मोठी तिथ हाय लग्नाची. वऱ्हाडाच्या बसखाली झोपून बोलतोय मी. मला बाहीर निघायला सांज व्हईल."

फोन ठेवल्यावर निवृत्तीनं टाकव्यातल्या जीपवाल्यांना विचारलं. सगळ्या जीपा वऱ्हाडात. जावई सुरज कंपनीत पहिल्या पाळीला, आणि त्याच्याकडं नुसती मोटरसायकल. निवृत्ती खळ्याच्या फाटकापर्यंत गेला, रस्ता बघितला, परत आला. बोनेटमध्ये डोकावला. परत फाटकापर्यंत गेला. ऊन चढत होतं. भिमाजीच्या बायकोनं आणलेल्या चहावर साय धरली.

"बस की वाईच," भिमाजी म्हणाला. "तू फिरल्यानं इंजिन सुकत न्हाई."

फोन वाजला. तेजल होती.

"आप्पा, निघालात का?"

"निगालोय."

"मग मागं म्हैस कशी काय ओरडतीय?"

निवृत्तीनं म्हशीकडं बघितलं.

"भिमाजीच्या खळ्यात हाय. गाडी जरा नाटक करतीय. तुजी सासू काय म्हनती?"

"काही नाही. माझी बॅग दाराजवळ ठेवली होती, ती उचलून आत नेली." मग आवाज उतरवून म्हणाली, "आप्पा, मला तिकडंच यायचंय. इथं सगळं चांगलं आहे. पण मला आपल्या घरी यायचंय."

"येतो म्हनलं ना. धुतल्यापास्नं थरथरतीय नुसती."

"धुतली? आतून? पाइपानं?"

"मग काय चमच्यानं धुवू?"

"आणि प्लास्टिक नाही बांधलं?"

"कसलं पिलास्टिक?"

पलीकडं पंखा फिरत असल्याचं तेवढं ऐकू येत होतं.

"आई बांधायची ते," तेजल म्हणाली. "खताच्या पोत्याच्या आतली पिशवी असते ना, ती कापून इंजिनाच्या वर ठेवायची आणि सुतळीनं आवळायची. आणि पाइप कधीच नाही लावायची. ओलं फडकं आणि दात घासायचा जुना ब्रश. त्यानंच सगळं."

"मला कदी दिसलं न्हाई."

"तुम्ही चाकं धूत असायचात."

निवृत्तीनं हातातला चहा तसाच गाडीच्या टपावर ठेवला.

"पहिल्या वर्षी तिनं पण पाइपच मारला होता," तेजल सांगत होती. "तुम्ही कामशेतला गेला होता सीटकव्हर आणायला. गाडी नवी होती. मी पाचवीत असेन. अशीच थरथरायला लागली. आई रडायलाच लागली. रस्त्यावर जाऊन तिनं एक ट्रकवाला थांबवला, त्यानं येऊन दाखवलं काय करायचं ते. मग आम्ही दोघींनी सगळं सुकवलं. तुम्ही आलात तेव्हा गाडी चालू करून ठेवली होती बघा, तुम्हाला कळू नये म्हणून."

"मी काय खाल्ली आसती का तिला?"

"तसं नाही. ती म्हणाली, तुझ्या आप्पाला झोप लागायची नाही."

भिमाजी पलीकडं म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत होता. तो मुद्दामच इकडं बघत नव्हता.

"सांग काय करायचं ते," निवृत्ती म्हणाला.

ती सांगत गेली आणि तो करत गेला. फोन टपावर मोठ्या आवाजात लावून ठेवला. इंजिनाच्या वर, प्लगांना वीज देणाऱ्या, चार काळ्या कॉईली ओळीनं बसवलेल्या. आधी चावी काढून घ्यायची. प्रत्येकीला एक बोल्ट. दहाचा पाना लावायचा, बोल्ट काढायचा, कॉईल हलवत हलवत वर ओढायची. तिच्याखाली नळीसारखं खोल भोक असतं, तळाला प्लग. त्या भोकात पाणी साठतं.

"प्लगला हात लावू नका हां. आधी पाणी काढायचं, नाहीतर ते थेट इंजिनात जाईल. सायकलचा पंप आहे का भिमाजीकाकांकडं?"

"हाय, हाय," भिमाजी लांबूनच ओरडला आणि गोठ्यात पळाला.

पहिली दोन भोकं कोरडी निघाली. तिसऱ्यात पाणी होतं, बोटभर, काळंशार. निवृत्तीनं एका काडीला फडकं गुंडाळून आत घातलं, भिजलं की पिळलं, परत घातलं. मग भिमाजी पंप मारायला लागला. यंत्राला हात लावायची त्याची बहुतेक पहिलीच वेळ होती, आणि त्यात तो सगळा जोर ओतत होता. भोकातून पिचकारी उडाली ती त्याच्याच तोंडावर.

"तोंड बाजूला ठेवा म्हणावं," फोनमधून तेजल म्हणाली.

"आता सांगतीस व्हय गं!" भिमाजी सदऱ्यानं मिशा पुसत म्हणाला. तेजल हसली. निवृत्तीही हसला असावा, कारण भिमाजीनं त्याच्याकडं जरा दचकून बघितलं.

चौथ्या भोकातही ओल होती. कॉईलींची रबरं त्यानं खांद्यावरच्या टॉवेलनं आतून-बाहेरून पुसली आणि तापलेल्या पत्र्यावर उन्हात मांडून ठेवली. आता थांबायचं होतं. तेजलनं फोन ठेवला. भिमाजी कोरडा सदरा शोधायला घरात गेला.

निवृत्ती चाकाजवळच्या दगडावर बसला. कॉईली उलट्या केल्या. थोड्या वेळानं सुलट्या केल्या. चाकाच्या कडेला चिखल राहिला होता, तो नखानं काढू लागला. फडकं, ब्रश, पोत्यातलं प्लास्टिक, सुतळी. हे सगळं त्याच्यापासून चार हातांवर, इतकी वर्षं. आणखी काय काय होतं ते आठवून बघावं म्हटलं, तर जे बघितलंच नाही ते आठवणार कुठून? चुना दिलेली खोली डोळ्यांसमोर आली. बाज, भांडं, दारामागचा नंबर. काल रात्री ते सगळं पुरं वाटलं होतं.

त्यानं कॉईली परत बसवल्या. बोल्ट हातानं फिरवले, मग पान्यानं आवळले. चावी फिरवताना त्यानं डोळे मिटले. इंजिन एकदा खोकलं, दोनदा खोकलं, आणि मग एका लयीत चालायला लागलं. पिवळा दिवा जळतच होता, पण उघडझाप थांबली होती.

"बग," भिमाजी म्हणाला. "म्हनलं नव्हतं?"

"तू रॉकेल म्हनलास."

"पातळच कायतरी म्हनलो ना?"

तळेगावला पोचेपर्यंत दुपार उतरली होती. रेल्वेच्या गेटला त्याला खरोखरच थांबावं लागलं होतं, आणि शेवंताबाईंना काय सांगायचं ते त्यानं तिथंच ठरवून टाकलं होतं. फाटक लागलं. फाटक उघडेना. त्यात खोटंही नव्हतं.

फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. शेवंताबाईंनी दार उघडलं. जय भीम झाला. पाण्याचा तांब्या आला. तेजल भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती. पाय सुजले होते. चेहरा भरला होता, आणि त्या भरलेपणात ती चंपासारखी दिसत होती. निवृत्तीनं नजर तांब्याकडं वळवली.

"दुपारच्या आत येनार हुता," शेवंताबाई म्हणाल्या. त्यांच्या मागं आतल्या दाराशी बॅग दिसत होती.

"व्हय." त्यानं पाणी प्यायलं. तोंड पुसलं. "गाडी धुताना माजी चूक झाली. पाइप मारला, पानी आत गेलं. चंपा आतलं येगळ्या रीतीनं करायची. मला ठावं नव्हतं."

"बघा." त्या समोर बसल्या. "मी काल हेच म्हनत हुते. गाडीचं असं, तर बाळतिणीचं काय? बाळ रातचं रडायला लागलं, हिला दूध येईना झालं, ताप भरला, मग कुनाला इचारायचं? त्या अंबूबाईला?"

"बराबर हाय तुमचं."

शेवंताबाई पुढचं वाक्य तयार करून बसल्या होत्या. ते तोंडातच राहिलं. त्यांनी सुनेकडं बघितलं. तेजल स्वतःच्या पायांकडं बघत होती.

"मी काल समदी तयारी केली म्हनलो," निवृत्ती म्हणाला. "खोटं न्हाई बोललो. मला दिसली तेवडी केली. पर मला काय येत न्हाई, तेच मला ठावं न्हाई, बाई. कुनी सांगितलं तर शिकंन. ही आज सांगत हुती, मी करत हुतो. पर काय इचारायचं हेच सुचत न्हाई." त्यानं तांब्या खाली ठेवला. "तरीबी न्यायची हाय मला हिला. तुमी नगं म्हनला तर न्हाई नेनार."

आत कुकरची शिटी झाली. शेवंताबाई उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग बराच वेळ नुसती डब्यांची उघडझाप. निवृत्तीनं तेजलकडं बघून भुवया उचलल्या. तिनं खांदे उडवले. तो उठला, खिडकीशी गेला, खाली गाडी होती तिथंच आहे की नाही ते बघितलं, परत येऊन बसला.

शेवंताबाई बाहेर आल्या. एका हातात तेजलची बॅग होती आणि दुसऱ्या हातात कापडी पिशवी, तिच्यातून लुगड्याचा काठ बाहेर आलेला.

"तुम्ही?" तेजल म्हणाली.

"चार दिस राहते. बघते सोता. जमतंय वाटलं तर ठिवीन हिला तितं. न्हाई वाटलं तर आठवा न् बिठवा न बघता परत घिऊन येईन. आधीच सांगते, पाव्हणं."

"आणि यांचा डबा?"

"सुरजला हात हायेत ना दोन? भात लावता येतो त्याला. मीच शिकिवलाय." त्यांनी गॅसची शेगडी पुन्हा एकदा बघून घेतली आणि किल्ली हातात घेतली. "व्याह्याच्या घरी इहीण राहिली म्हणून लोक हसतील. हसू द्या."

"अंबूबाई हसंल," निवृत्ती म्हणाला.

"हसू दे की. बघते तिलाबी."

तेजल पुढं बसली. शेवंताबाई मागं, दोन्ही पिशव्या बाजूला घेऊन. वडगाव मागं पडलं. कान्ह्याला गाडी आत वळली तसं त्या जरा पुढं सरकल्या आणि निवृत्तीच्या सीटची पाठ धरून विचारू लागल्या.

"बाज हाय?"

"हाय. नवी."

"शेकायला शेगडी?"

"हाय. कोळसाबी आनलाय."

"अळीव, डिंक, खारीक?"

"दिड-दिड किलो."

"अळीव दिड किलो?" शेवंताबाईंनी कपाळाला हात लावला. "बाळंतीण हाय का पल्टन? बरं, असू द्या. बाळंतशेपा?"

"अंबूबाई देनार हाय."

"पानी तापवायला बंब?"

"हाय. कल्हई करून घेतली."

"बंबाला कल्हई?" मागून आवाज आला, आणि हसू दाबल्यासारखं काहीतरी. निवृत्तीचे खांदे जरा सैल झाले. टाकवे मागं टाकून रस्ता डोंगराच्या अंगानं वळला. दोन्ही बाजूंनी भाताची खाचरं उन्हानं तडकून पडली होती. तेजलनं खिडकीची काच पूर्ण खाली केली होती आणि तोंड बाहेरच्या वाऱ्याकडं धरलं होतं.

"आन दुपटी?" शेवंताबाईंनी विचारलं.

"आनू की. वडगावला मिळत्यात."

"इकतची नगंत. नवं कापड टोचतं लेकराला. जुनं सुती लुगडं लागतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. आजीच्या लुगड्याचं दुपटं पयलं अंगाला लावायचं असतं. हिच्या आईची असतील ना?"

"हायेत."

"कुटं?"

"कपाटात."

"काढून धुऊन ठिवलीत का? आजच्या आज हातात घेतली तर मी हाय तंवर चार-पाच शिवून व्हतील."

सकाळच्या चढाचं टेकाड आता अलीकडच्या बाजूनं चढायचं होतं. निवृत्तीनं दुसरा गिअर टाकला. इंजिन नीट ओढत होतं, तरी तो कान देऊन ऐकत राहिला. तेजलनं काच निम्मी वर घेतली. मागून शेवंताबाईंनी एकदा पुन्हा विचारलं आणि मग त्या मागं टेकल्या.

चंपाचं कपाट आषाढापासून कुणी उघडलं नव्हतं. ते अजून उघडायचं होतं.